पेटीवरचे कुलूप

मी एक जुने पितळी कुलूप आहे, आणि मला राग आला आहे. मित्रांनो, बोलायची मला सवय नाही. सांगताना मागेपुढे झाले तर सांभाळून घ्या. पण गप्प बसवत नाही.

एका लहान कारखान्यात माझा जन्म झाला. म्हाताऱ्या कारागिराने माझ्या पोटात तेल सोडले, दोन्ही किल्ल्या फिरवून पाहिल्या आणि म्हणाला, "हे कुणाला दगा देणार नाही." आयुष्यात मिळालेली शाबासकी एवढीच.

मला विकत घेतले ते कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणाचे काम करणाऱ्या एका बाईने. तिला दोन मुली. नवरा "आलोच" म्हणून गेला, तो गेलाच. रोज सकाळी ती मला दाराला लावी, ओढून पाही, चार पावले जाई आणि परत येऊन पुन्हा ओढी. थोरली हसे. "अगं आई, हात तुटेल त्याचा!"

मग घरमालकाला ती खोली आपल्या भाच्याला द्यावीशी वाटली. त्याने माझ्याशी झटापट केली नाही. सरळ कडीकोयंडाच कापला. संध्याकाळी तिघी आल्या तेव्हा दारावर नवे कुलूप होते, जिन्यात त्यांची पत्र्याची पेटी होती आणि पेटीवर मी. मी तसाच बंद होतो. माझ्यामागे मात्र घर नव्हते. मी दगा दिला नाही, मित्रांनो, पण त्याचा उपयोग काय झाला?

पुढचे चौदा महिने बेघरांच्या निवाऱ्यात गेले. चाळीस खाटा, कपाट एकही नाही. भिंतीवर पाटी मात्र ठळक: 'आपल्या सामानाची जबाबदारी आपली.' खाटेखाली ठेवलेला पाव सकाळपर्यंत टिकत नसे. नेणाराही उपाशीच असणार; त्याच्यावर माझा राग नाही. राग आहे तो पाटी रंगवायला वेळ मिळालेल्यांवर. तेव्हा खाणे पेटीत गेले आणि मी पेटीवर. आई कामावर जाई, म्हणून एक किल्ली नाडीत ओवून थोरलीच्या गळ्यात घातली. ती नऊ वर्षांची पोर धाकटीला खाऊ घाली, मला लावी आणि ओढून पाही. अगदी आईसारखी.

शेवटी निवाऱ्याच्या कचेरीकडून खोली मिळाली. खिडकी, ओटा, भिंतीला एक लांब फळी. दाराला कुलूप कचेरीचे होते आणि त्याची दुसरी किल्लीही कचेरीतच. तीन वेळा पाहणी होणार होती. घर नीट दिसले तर मुली आईजवळ, नाही तर अनाथाश्रमात.

तिसऱ्या खेपेला पाहणीवाल्या बाई दार न वाजवता, आपल्याच किल्लीने आत आल्या. त्यांनी रिकाम्या फळीकडे पाहिले.

"मुलींचं खाणं कुठे असतं?"

आईने पेटीकडे बोट केले.

"कुलपात? पोरींचं खाणं कुलपात ठेवता तुम्ही?"

पेन वहीवर धावू लागले. सवयीने खाणे अजून पेटीतच राहिले होते, हे तिघींपैकी कुणाच्या लक्षातही आले नव्हते. कारखान्यात मशिनच्या आवाजावर आवाज चढवणाऱ्या त्या आईची वहीपुढे दातखीळ बसली. मला वाटले, आपणच ताडकन उघडावे. पण किल्लीवाचून मला उघडता येत नाही. त्या दिवशी मला कारागिराच्या शाबासकीचीच चीड आली.

"बाई, तुम्हाला भूक लागलीय का?" थोरलीने विचारले. तिने गळ्यातली किल्ली काढली, मला उघडले आणि एक केळे त्यांच्यापुढे धरले.

"मोठं माझं आहे हं!" धाकटी ओरडली.

बाईंचे पेन थांबले. "किल्ली तुझ्याकडे असते?"

"मग? आईनं तिची कधीच हरवली. तीच मला मागते, 'उघड गं बाई, भूक लागली.'"

बाईंनी लिहिलेल्या ओळीवर काट मारली. "चुकले" म्हणाल्या नाहीत. वही मिटून म्हणाल्या, "मुली इथेच राहतील. कचेरीचं कुलूप मी घेऊन जाते. तुमचं स्वतःचं काही आहे का?"

"आहे," आई म्हणाली. मोठ्याने म्हणाली. "पहिल्यापासून आहे."

आता पाव, केळी, अंडी उघड्या फळीवर असतात. मी दारावर असतो. आईसाठी नवी किल्ली करून आणली आहे. पहिल्या सकाळी तिने मला लावले, ओढले, चार पावले गेली आणि परत आली. या वेळी थोरली हसली नाही. आईचे झाल्यावर तिनेही एकदा ओढून पाहिले.

माझा राग अजून गेलेला नाही. तो जाऊही नये असे वाटते. मित्रांनो, मला तेल घाला, पावसात गंजू देऊ नका, एवढे मागायचा माझा हक्क आहे. पण त्याआधी एक ऐका. कुणाच्या घरात कुलूप दिसले, तर वहीत लिहिण्यापूर्वी किल्ली कुणाच्या गळ्यात आहे ते विचारा. आणि आत जाण्यापूर्वी दार वाजवा.