तिसऱ्या धारेची साक्ष

या मित्रांनो, जरा जवळ सरका. छातीशी कान लावावा इतके जवळ या. गोष्ट एका आपाची आहे, आमच्या डोंगरात वडीलधाऱ्या बाईला आपा म्हणतात, आणि ती मीच सांगू शकतो, कारण त्या दोन दिवसांत तिच्या काळजाला लागून दुसरं कोणी नव्हतं.

मी एक जुना हॉल्टर आहे. साबणाच्या वडीएवढी डबी, पाच वायरी, तडकलेल्या कोपऱ्यावर चिकटपट्टी. मला छातीवर लावून माणूस दिवसभर हिंडतो-फिरतो आणि मी त्याच्या काळजाचा ठोका न् ठोका टिपून ठेवतो. देवाने प्रत्येकाच्या छातीत एक ताल धरून दिला आहे. तो कुठे चुकला, तेवढं सांगणं माझं काम. आजवर त्यात पदरचा एक ठोका घातलेला नाही.

जिल्ह्याच्या दवाखान्यात एके काळी माझं फार कौतुक होतं. मग नाण्याएवढी नवी यंत्रं आली आणि मी खालच्या खणात, फुटक्या थर्मामीटरांशेजारी जाऊन पडलो. तिथून मला उचललं ते कुरणावरच्या नर्स जिदेगूलने. "डोंगरावर नवं यंत्र कोण देतंय? हाच चालेल," म्हणाली आणि खोगिराच्या पिशवीत घातलं.

या आपाचं नाव बुरुलचा, वय सहासष्ट. अकरा घोड्या, दर दोन तासांनी धार, आणि ते दूध आंबवून, घुसळून केलेलं कुमिस. गेल्या वर्षी तिच्या थोरल्या बहिणीचं एक अंग धार काढता काढताच लुळं पडलं आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. आता आपाच्याही छातीत मधूनच चिमणी अडकल्यागत फडफडायचं. पण खाली दवाखान्यात नेलं की कागदावरची रेघ अगदी शहाण्यासारखी! मुलगा मेलिस मागे लागला होता, "आई, घोड्या विकू. शहरात चल." शेजारीण म्हणाली, "काळीज भीतीने खाली उतरलंय, भाकरी ओवाळून वर चढव."

"तीनदा ओवाळली," आपा म्हणाली. "काळीज तिथंच आहे, भाकरी तेवढी शिळी झाली. आण गं जिदेगूल, तुझी डबी बांध."

"दोन दिवस काढायची नाही, आपा. फडफडलं की वहीत वेळ लिहायची."

आपाकडे घड्याळ कुठलं! तिने दोन्ही दिवशी लिहिलं, 'तिसरी धार. पिवळी घोडी.'

तिसऱ्या दिवशी मेलिससह आम्ही सगळे खाली दवाखान्यात गेलो. मोठ्या डॉक्टरांनी ती वही पाहिली आणि ते हसले. "ही काय वेळ झाली? शिवाय आजी दिवसभर कुमिस घुसळतात. वायरी हलल्या असणार. डबीही जुनाट. ही नोंद टाकून द्या."

मित्रांनो, माझ्यात रक्त असतं तर उसळलं असतं! जुना म्हणा, तडकलेला म्हणा. खोटा? मी?

मला तोंड नव्हतं. आपाला होतं.

"डॉक्टर, घोडीची धार काढलीय कधी?"

"नाही, आजी."

"मग बघा." आणि ती बाई तिथंच एका गुडघ्यावर बसली. कोपऱ्यातली कचऱ्याची बादली मांडीवर घेतली आणि नसलेल्या घोडीच्या पायाला हात वेढला. "अशी बसते मी. एवढीशी हलले तर लाथ बसेल. घुसळणं धारा झाल्यावर. धारेला मी दगड असते, दगड! मी नाही हलले. हललं ते आतलं."

मेलिस शरमून म्हणाला, "आई, ऊठ ना."

"तू गप. लाथ तुला नाही बसत."

जिदेगूलने शांतपणे पुस्ती जोडली, "पहिली धार सात वाजता, डॉक्टर. तिसरी अकराला."

डॉक्टरांनी माझी नोंद पुन्हा उघडली. अकरा वाजून सहा मिनिटं. दोन्ही दिवशी अठरा-अठरा मिनिटं बेताल ठोके, वायरी हलल्या की जी थरथरते ती खालची रेघ मात्र साठल्या पाण्यासारखी स्थिर. घुसळतानाची थरथर पुढे, वेगळीच. त्यांचं हसू मावळलं.

"असा ताल बिघडला की रक्ताची गुठळी होते आणि ती मेंदूत जाते," ते हळू बोलले. "आजी, मी चुकलो होतो. आजपासून गोळ्या सुरू. दर महिन्याला तपासणी."

"आणि घोड्या?" आपाचा आवाज पहिल्यांदाच कापला.

"गोळ्या सकाळ-संध्याकाळ न चुकता घेतल्या, तर घोड्या राहू देत."

"म्हणजे पहिली धार आणि शेवटची."

डॉक्टरांनी चिठ्ठीवर तसंच लिहून दिलं. मेलिसने घोड्या विकण्याची गोष्ट पुन्हा काढली नाही.

मी अजून डोंगर चढतो, मित्रांनो. खणात परत जायला मी तयार नाही. पण माझी नोंद अर्धीच असते, उरलेली अर्धी माणसाच्या तोंडी असते. तुमच्या घरात कोणी छातीवर हात ठेवून "काही नाही, जरा धडधडलं" म्हणत पुन्हा कामाला लागत असेल, तर त्याला विचारा, तेव्हा काय करत होतास? आणि त्याचं उत्तर हसण्यावारी नेऊ नका. रात्री देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या माणसाची आठवण ठेवा, आणि सकाळी त्याला दवाखान्यात न्यायचीही.