तिसऱ्या वेळी मी खरा पेटलो होतो

मी एक जुना बल्ब आहे. पण मित्रांनो, माझ्या उजेडात कोणी कधी अभ्यास केला नाही. ड्रोन बनवणाऱ्या एका कारखान्यात काकांनी, म्हणजे तिथल्या सर्वांत जुन्या तंत्रज्ञांनी, मला वायरी जोडून कामाला लावले. नवा ड्रोन पहिल्यांदा बॅटरीला जोडताना मधे मला लावायचे. मी क्षणभर लुकलुकून विझलो, तर सगळे ठीक. लख्ख पेटून राहिलो, तर ड्रोनमध्ये शॉर्ट सर्किट आहे; पण वीज मी अडवून धरतो, म्हणून तो जळत नाही. विझल्याबद्दल शाबासकी मिळवणारा बल्ब माझ्याशिवाय दुसरा नसेल!

विद्युत अभियांत्रिकी शिकणारी एक मुलगी तिथे सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी आली. ती इतके प्रश्न विचारायची, की काका तिला ‘चौकशी खिडकी’ म्हणत. ड्रोनच्या मोटारींना वीज वाटून देणारा बोर्ड तिने खपून बनवला. त्यावर ड्रोन उडाला, तर तिला तिथेच नोकरी मिळणार होती.

एव्हाना माझ्यापासून ड्रोनकडे जाणाऱ्या वायरींचे प्लॅस्टिक झिजले होते. उघड्या तारा एकमेकींना टेकल्या, की मी उगाच पेटायचो. त्यापायी तिने दोनदा निर्दोष बोर्ड दिवसभर तपासला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

“काका, याला टेप लावायला हवी.”

“लावू गं, उद्या लावू.”

काकांच्या वस्तूला आपण कसा हात लावायचा, म्हणून तीही थांबली.

चाचणीच्या दिवशी साहेब मंडळी मैदानात खोळंबली होती. तिने मला जोडले. मी लख्ख पेटलो.

“झालं याचं पुन्हा सुरू!” म्हणत तिने मला काढले आणि बॅटरी थेट जोडली.

लांडगा आला रे आला! पण या वेळी लांडगा खरेच आला होता. आदल्या संध्याकाळी एक जोड पक्का करताना सोल्डरचा, म्हणजे तारा जोडायच्या वितळलेल्या धातूचा, एक थेंब बोर्डवर नको तिथे सांडला होता. फट्‌कन आवाज झाला, धूर निघाला आणि बोर्डाचा कोळसा झाला.

“चूक माझी आहे,” काकांनी साहेबांना सांगून पाहिले. नोकरी दुसऱ्याला मिळाली.

शेवटच्या दिवशी ओळखपत्र परत करून ती माझ्यापाशी आली. खिशातून टेप काढून तिने माझी एकेक वायर नीट गुंडाळली.

“काका, आता हा खोटं नाही बोलणार.”



त्यानंतर मी एकदाही उगाच पेटलो नाही. पण माझ्या खरेपणाचा तिला काय उपयोग? मित्रांनो, तुम्हाला सावध करणारी वस्तू आधी धड ठेवा, ती कोणाची का असेना. तिने लावलेली टेप अजून घट्ट आहे. लावायला एक मिनिटही लागले नव्हते.