तुळसाकाकीची टोपली

मसुऱ्यातल्या आमच्या काजूच्या कारखान्याला कारखाना म्हणणं म्हणजे थाटच झाला. मागच्या पडवीत आठ बायका, बियांच्या तेलाने भाजू नयेत म्हणून राख फासलेले हात आणि बियांचा ढीग, एवढाच तो. पण तिथे सकाळपासून जो गलका चाले, तो मला अजून हवासा वाटतो. कोणाची सून काय म्हणाली, भराडीच्या जत्रेत कोण कोणाबरोबर दिसलं, सगळी खबर बी फोडता फोडताच बाहेर पडायची.

तेव्हा मजुरी किलोवर होती. जेवढा गर, तेवढे पैसे. सगळ्यांत वयस्क तुळसाकाकी. बोटं वाकडी झालेली, हात मंद. पण संध्याकाळी काट्याकडे जाताना प्रत्येक बाई मुद्दाम तिच्या जागेवरून वळसा घ्यायची आणि जाता जाता एक मूठ गर तिच्या टोपलीत सोडायची. काकी नेमकी तेव्हाच पदर सारखा करत बसे. आमच्या ह्यांनाही सगळं ठाऊक होतं. ते काट्यावरून मान वर करत नसत.

मग सरकारने किमान मजुरी वाढवली. किलोने द्या नाहीतर कशाने, प्रत्येकीला दिवसाला एवढे पडलेच पाहिजेत. ह्यांनी किलोचा हिशेबच बंद करून सरळ दिवसाचा रोज ठरवला. बायका खूश झाल्या, मीही झाले, खोटं कशाला सांगू? नर्मदेने लेकीला कुडाळला कॉलेजात घातलं. राखेत हात घालून ज्यांची उमर गेली, त्यांना एवढं मिळायलाच हवं होतं, आणि खूप आधी मिळायला हवं होतं.

पण व्यापारी काही गराचा भाव वाढवून देईना. शेवटी ह्यांनी बी फोडायचं यंत्र सांगून ठेवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "यंत्र इला की सात जणींत भागतला. शनिवारपर्यंत टोपले वेगळे वजन करतंय. जिचा काम कमी, तिका सोमवारपासून काम नाय."

जिचं काम कमी ती कोण, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी ह्यांच्याशी कडाकडा भांडले. ते जेवत राहिले. त्यांचंही फारसं चुकत नव्हतं, याचाच मला जास्त राग आला.

शनिवारी आठही टोपल्या सारख्याच भरल्या. आता मुठीमागे चार पैसे नव्हे, स्वतःची जागाच जाणार होती, तरी मुठी पडतच होत्या.

"आता मी कोणाक काढू?" हे म्हणाले.

काकी उठली. तिने आपली टोपली सगळ्यांच्या ढिगात पालथी केली. "माका काढ, गुरुदासा. हे गर माझे नाय, ह्या चेडवांचे आसत."

"काकी, बस गो," नर्मदा म्हणाली.

"किती बसू? आज माका सांभाळशात, उद्या तुमच्यातलीच एक घराक जायत."

नळावर तिने हातांची राख कितीतरी वेळ धुतली, आणि गेली.

सोमवारी यंत्र सुरू झालं. त्याच्या खडखडाटात कोणाचं कोणाला ऐकू जाईना, त्यामुळे पडवीत कोणी बोललंच नाही. आता टोपल्या वेगळ्या मोजायच्या नव्हत्या. सगळा गर एकत्रच काट्यावर जायचा होता. तरी संध्याकाळी नर्मदा वळसा घेऊन निघाली आणि काकीच्या जागेपाशी तिने मूठ उघडली. खाली टोपली नव्हती. गर जमिनीवर सांडला. मागून येणाऱ्या सीतेचीही मूठ तोवर सुटली होती.

दोघी तशाच उभ्या राहिल्या. मी खाली बसून गर वेचू लागले.

आमच्या ह्यांनी, पूर्वीसारखीच, काट्यावरून मान वर केली नाही.