मुशीचं तेल

आनंदा येतोय, हे दामूने सांगितलं तेव्हा मी शिडीवर चढून भोंगा बांधत होतो. खाली उतरलो, हात पुसले आणि म्हणालो, येऊ दे. दामूला वाटलं, मी सगळं विसरलो. विसरतोय कसला! तेरा वर्षं मी त्या माणसाला रोज एकदा तरी मनातल्या मनात बुडवत होतो.

आमची ओळख अठ्ठ्याहत्तर सालची. मी समुद्रकाठच्या दांडी गावचा, मासेमारीच्या घरातला. आनंदा साताऱ्याकडचा, त्याचे वडील वीजकेंद्रात कामाला, म्हणून राहायला कॉलनीत. त्याच्याकडे रेकॉर्ड प्लेअर होता. तो, मी आणि दामू दुपारभर जमिनीवर पालथे पडून डीप पर्पल आणि लेड झेपेलिन ऐकायचो. इंग्रजी शब्द आनंदाला कळायचे, दामूला कळल्यासारखे वाटायचे आणि मला एकही कळत नसे. मला गिटार कळायची. वसईच्या एका बँडवाल्याकडून मी जुनी गिटार घेतली आणि रेकॉर्डवरची सुई पुन्हा पुन्हा मागे नेऊन एकेक सूर बोटांत बसवला.

एकोणऐंशीच्या गणपतीत कॉलनीत स्पर्धा होती. मुंबईचा एक बँडवाला परीक्षक म्हणून येणार होता आणि त्याला गिटार वाजवणारा मुलगा हवा होता. मी एका विलायती गाण्याच्या मधोमध माझा स्वतःचा तुकडा घातला. जाळं ओढताना आमचे लोक जसा झोक घेतात, तसा तो होता, दोनदा खेच आणि एकदा सैल. दोन महिने त्याच्यावर घासलो. आनंदा क्लबची गिटार मांडीवर घेऊन समोर बसायचा आणि माझी बोटं बघायचा. मला वाटायचं, कौतुकाने बघतोय.

त्या पावसाळ्यात गिटारला बुरशी धरली आणि मागची फळी सुटायला लागली. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी वडिलांबरोबर समुद्रावर होतो. आईने, येसूबाईने, गिटार बघितली आणि लाकूड कुजू नये म्हणून आमच्यात होडीला जे करतात तेच तिला केलं. मुशी मासा कढवून काढलेलं तेल आतून-बाहेरून तीन वेळा चोपडलं. मी परत आलो तर गिटार नव्या होडीसारखी चमकत होती. मला काही वावगं वाटलं नाही. आमच्या अंगणात बोंबील वाळतात, आमच्या घरात त्या वासाला वास म्हणत नाहीत. तीच गिटार घेऊन मी स्टेजवर चढलो.

वर मोठे दिवे होते. लाकूड तापलं, तेल सुटलं. पहिल्या रांगेतल्या बायकांनी नाकाला पदर लावले. मी डोळे मिटून वाजवत होतो, मला कळलंच नाही. गाणारा आनंदा माइकवर थांबला आणि म्हणाला, "मंडळी, माफ करा, आमची गिटार अजून नीट वाळलेली नाही." सगळा मांडव हसला. परीक्षकही हसला. मी खाली उतरलो. माझ्या पाठीमागे आनंदाने क्लबची गिटार घेतली आणि माझा तुकडा वाजवला, अगदी दोनदा खेच आणि एकदा सैल. त्याला बक्षीस मिळालं आणि मुंबईही मिळाली.

घरी आईने विचारलं, कसं झालं? मी म्हणालो, तार तुटली. त्यानंतर चारचौघांत मी गिटारला हात लावला नाही. आईने मग कधीच तो विषय काढला नाही. मी वायरमनचं काम शिकलो, बोईसरच्या एका कारखान्यात लागलो आणि जोडीला भोंगे-माइकचा धंदा सुरू केला. दुसऱ्यांचं वाजवणं मोठं करून लोकांना ऐकवायचं, हे माझ्या नशिबी आलं. कुणामुळे, ते मी कधी विसरलो नाही.

आता ब्याण्णवमध्ये कॉलनीच्या क्लबने जुन्या रॉकवाल्यांचं संमेलन ठेवलं होतं आणि त्यात आनंदा खास पाहुणा होता. साउंड माझा. दुपारी दामूच्या कॅसेटच्या दुकानात सगळे जमले. पोट सुटलेले, कल्ले ठेवलेले, कुणाची पोरं शाळेत जायला लागलेली, असे आम्ही पंधरा-वीस जण. पिंक फ्लॉइडची कॅसेट पहिल्यांदा कुणी आणली यावर अर्धा तास भांडण झालं. कुणाचा ड्रमर मोठा यावर चहा गार झाला. खोटं कशाला बोलू, त्या अर्ध्या तासात मलाही बरं वाटत होतं. आनंदाने तर मला मिठीसुद्धा मारली. मग कुणीतरी त्याला एकोणऐंशीच्या त्या तुकड्याबद्दल विचारलं. तो कप खाली ठेवून म्हणाला, "गच्चीवर बसून बसवला होता. दोन महिने लागले."

माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. दामू मान खाली घालून कॅसेटी लावत बसला. मी उठलो, घरी गेलो आणि मुशीच्या तेलाची बाटली पिशवीत टाकली. आईला म्हणालो, साडी बदल, आज तुला माझा साउंड ऐकवतो. आपल्या मुलाला हसलेला माणूस तिच्यादेखत नाक मुठीत धरून उभा राहिलेला मला हवा होता.

कार्यक्रम सहाचा होता. पाच वाजता लाइन तपासायची म्हणून मी आनंदाची गिटार मागून घेतली. परदेशी, मधासारख्या रंगाची, हातात घेतल्याबरोबर बोटं शिवशिवली. मला तिची दयाही आली, पण सव्वाशेर व्हायचं तर शेराची दया करून चालत नाही. फडकं तेलात बुचकळून मी तिला आतून पुसली, जिथे हात पोचेल तिथपर्यंत. आदल्या दिवशीच क्लबचे दोन मोठे दिवे मी स्टेजच्या अगदी जवळ लावले होते.

आई माझ्या शेजारी, साउंडच्या मिक्सरच्या टेबलाला लागून बसली. दुसऱ्या गाण्यात दिव्यांनी काम केलं. पहिल्या रांगेत चुळबुळ झाली, रुमाल निघाले, मागून कुणीतरी ओरडलं, "पाहुणा कोळीवाड्यातून आला काय?" हशा पिकला. आनंदा वाजवायचा थांबला. त्याने तळहात नाकाशी नेला. मग सगळ्या हॉलवरून त्याची नजर सरळ माझ्यावर आली. मी हसलो. तेरा वर्षं मी त्याच हसण्याची तालीम केली होती.

हशा ओसरेपर्यंत तो उभा राहिला आणि माइकजवळ आला. "हे मुशीचं तेल आहे," तो म्हणाला. "आणि हे मला लागायलाच हवं होतं." तो म्हणाला की, तो तुकडा त्याचा नव्हता, पुंडलिकचा, म्हणजे माझा होता, आणि तो त्याने चोरला. लोक वळून माझ्याकडे बघायला लागले. त्याला बोलू द्यावं म्हणून मी माइकचा आवाज वाढवला. एवढंच नाही, मागच्या भोंग्यांचाही वाढवला. कॉलनीच्या फाटकापर्यंत ऐकू जावं, असं मला वाटलं.

"एकोणऐंशी साली पुंडलिकच्या आईने मायेने त्याच्या गिटारला हे तेल लावलं होतं," भोंग्यांतून आनंदाचा आवाज आला. "दामूने मला दुसऱ्याच दिवशी सांगितलं. त्या वासावरून मी भर मांडवात त्याचं हसं केलं आणि तो गिटारवरून कायमचा उठला. मी तोंड उघडलं नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यालाच. टाळ्या घ्यायची कला त्याच्यात अजून होती. पण नाव माझं घेतलं जात होतं, आणि मला ते गोड लागत होतं. मी आईकडे बघितलं.

ती स्टेजकडे बघत नव्हती. माझ्या टेबलाखालच्या पिशवीतल्या तेलाच्या बाटलीकडे बघत होती.

"तार तुटली, असा बोललास तू मना," ती म्हणाली.

मिक्सरवर माझे हात तसेच राहिले.

"तेल मीच लावलेला ना रं. म्हून तू परत वाजवलास नाय."

तसं नाही, असं मी म्हणालो, पण भोंग्यांवरून आनंदा मला नावाने स्टेजवर बोलावत होता आणि माझं बोलणं मलाच ऐकू आलं नाही. पुढच्या रांगा उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. दामू मला दंडाला धरून ओढत होता. आईने दोन्ही हात पदराखाली घेतले, उठली आणि भिंतीच्या कडेकडेने, कॉलनीतल्या बायकांना आपलं अंग लागू न देता, बाहेर निघून गेली.