लाखात एक पोट्टे

पाचपावलीतल्या कोष्ट्यांच्या गल्लीत साहेब येणार, ही बातमी यमुताईंनीच सगळ्यांना सांगितली आणि तिथंच त्या चुकल्या.

यमुताई शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. सन पंचावन्नच्या सुमाराला सूत महागलं, माग अधूनमधून बंद राहू लागले, तशी गल्लीतली पंधरा-सोळा वर्षांची पोरं दुपारनंतर नाल्याकाठच्या पत्त्यांच्या अड्ड्यावर बसू लागली. दोघांना तर पोलिसांनी चौकीवर नेऊन, दम देऊन सोडलं होतं. म्हणून यमुताईंनी एका समाजकल्याण समितीकडे अर्ज केला : पोरांसाठी संध्याकाळचा वर्ग हवा. समितीकडे पैसा एकाच वस्तीपुरता होता. खरी गरज कुठं आहे हे बघायला समितीचे विश्वनाथराव मोहल्ल्यामोहल्ल्यांतून हिंडत होते.

ते आले सकाळी, ऐन पाजणीच्या वेळी. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुताचा ताणा पसरलेला आणि त्याला खळ लावून दोन्ही बाजूंनी कुंचे फिरत होते. खळ सुकायच्या आत काम उरकावं लागतं, म्हणून पाजणीला घरातलं झाडून सगळं माणूस लागतं. आणि आज तर थाटच वेगळा! पाहुणा येणार म्हणून आयांनी पोरांना न्हाऊ घालून, तेल चोपडून, धुतलेल्या सदऱ्यांत उभं केलं होतं. खळीच्या कामाला धुतलेले सदरे! यमुताईंनी कपाळाला हात लावला.

"पोरं कशी आहेत हो तुमची?" विश्वनाथरावांनी विचारलं.

तुळजाबाई पदर सावरत पुढं झाली. चौकी बघून आलेल्या दोघांतला एक तिचाच श्रावण. "काय सांगू जी, आमचे पोट्टे म्हणजे लाखात एक! सुपारीचं खांडही तोंडात घालत नाही."

"अन् सांजच्याला देवळात भजन करतेत," शेजारच्या जनाबाईनं जोड दिली.

श्रावणला एकदम खोकला आला.

साहेब प्रसन्न झाले. "बाई, अर्ज वाचून मला वाटलं होतं काय, आणि बघतो तर काय! इथं कशाला वर्ग? रेल्वेलाइनपलीकडच्या वस्तीला देऊ. तिथली पोरं फार वाया चालली आहेत."

खरं काय ते यमुताईंच्या जिभेवर आलं होतं. पण आयांच्या तोंडावर त्यांच्या लेकरांची अब्रू काढायची कशी? तोवर साहेब जायला वळलेही.

"काहून जी, जाऊन राहिले?" तुळजाबाई गोंधळली. "अन् वर्ग?"

"इतक्या गुणी मुलांना वर्गाची गरज नाही, माउली."

तुळजाबाईनं श्रावणकडे बघितलं. मग ताण्याखालून वाकून ती थेट साहेबांच्या वाटेत उभी राहिली.

"थांबा जी! खोटं बोलली मी. हा पोट्टा रोज पत्ते कुटते. माह्या चांदीच्या तोरड्या इकल्या यानं! चौकीवर नेला होता याले!"

मग जनाबाई उसळली, "तुहा तं नुसता पत्ते खेळते वं! माह्यावाला रात-रात घरी येत नाही."

"अन् माह्यानं मास्तरची सायकल इकली, ते?" मैनाबाई मागून ओरडली.

"बस कर न वं माय," श्रावण कुंच्याआडून कळवळला. "साहेब घाबरून राहिले!"

सगळी गल्ली खदखदून हसली. विश्वनाथराव तर डोळे पुसत ओट्यावरच बसले. "आता पोरांनाच बोलू द्या. काय शिकायचंय रे तुम्हाला?"

हातात कुंचे, खळ ओली. पोरांना पळायची सोय नव्हती. शेवटी श्रावण म्हणाला, "बिजलीचं काम शिकवा जी. धरमपेठेकडं भल्ले बंगले होऊन राहिले, अन् वायरमन भेटत नाही."

यमुताईंनी अर्जात पुस्तकांचं कपाट मागितलं होतं. पोरांना विचारायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. "कपाट खोडा हो," त्या हसून म्हणाल्या, "त्या जागी तारा नि पक्कड लिहा. पण गणित मी शिकवणार. ते काही सुटायचं नाही, श्रावण!"

"समितीला मी स्वतः सांगतो, वर्ग इथंच होईल," साहेब उठत म्हणाले. "फक्त पहिली तुकडी लहान असेल. ज्याला जास्त गरज, तो आधी."

"मंग माह्या श्रावणले घ्या जी!" तुळजाबाईनं त्याला सदऱ्याला धरून पुढं ओढलं. "याच्याइतका बेकार पोट्टा अख्ख्या पाचपावलीत नाही!"

"चाल वं!" जनाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "माह्यावाल्याची सर येईन का त्याले?"