खुंटीवरचं दप्तर

आमच्या शाळेत दुसरीच्या पोरांची दप्तरं वर्गाबाहेर, पॅसेजमध्ये खुंट्यांना टांगतात. वर्गात जागाच नाही. हे मी पालकसभेत मार्लीच्या आईला, जोलीनला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पडला.

ती आणि तिचा नवरा डॅरल माझ्यासमोर बसले होते आणि टेबलावर एक गुलाबी दप्तर होतं. दिसायला साधंच, पण पाठीकडच्या कप्प्यात गोळी अडवणारी फळी. दुकानातून पसंतीला आणलेलं. तसलंच एक डॅरलच्या भावाकडे होतं. ते कुंपणाला टांगून डॅरलने त्यावर गोळ्याही झाडून पाहिल्या होत्या.

"पिस्तुलाची गोळी अडकली, बाई. रायफलची आरपार. आणि शाळांत गोळ्या झाडायला हे हरामखोर येतात ते रायफल घेऊनच!"

"तू गप रे," जोलीन म्हणाली. "काहीच नसण्यापेक्षा बरं ना, बाई?"

जोलीन माझीच जुनी विद्यार्थिनी. तेव्हाही अशीच हट्टी होती.

"अगं, पोरगी आत आणि दप्तर बाहेर. उपयोग काय?"

"मग मार्लीचं तेवढं आत ठेवू द्या."

"म्हणजे उद्या गावातल्या सगळ्या आया माझ्या दारात!"

तिने दप्तर उचलून मांडीवर घेतलं. मला वाटलं, पटलं असेल. कसलं पटतंय! तिने दप्तर ठेवून घेतलं आणि घरी रोज मार्लीकडून घोकून घेतलं: घोषणा झाली की आधी दप्तर गाठायचं आणि पोटाशी धरायचं. हे सगळं मला फार उशिरा कळलं.

ऑक्टोबरात, गणिताच्या तासाला, भिंतीवरचा स्पीकर बोलला, "दारं लावून घ्या. हा सराव नाही."

मी मुलांना कोपऱ्यात पिटाळलं, दिवे घालवले, दार ओढून घेतलं. ते बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. मुलं जमिनीवर एकमेकांना चिकटून बसली. मी डोकी मोजली. एक कमी. परत मोजली. मार्ली नव्हती. दिव्यांकडे वळले त्या क्षणात ती बाहेर सटकली होती.

मग दारावर टकटक झाली.

"बाई, मी मार्ली. दप्तर घेतलं मी. आता उघडा ना."

नियम आम्हाला पाठ आहे. एकदा दार लागलं की ते पोलिसांनीच किल्लीने उघडायचं. हाक कुणाचीही येवो. कारण हाक मारणाऱ्या पोराच्या मागे कोण उभं असेल, सांगता येत नाही.

ओटिसने माझी बाही धरली. "बाई, नका ना उघडू," तो कुजबुजला.

बाहेर ती रडायला लागली. लांब कुठेतरी एक दार धाडकन आपटलं. भीती वाटली, खूप वाटली. तरी मी उठले, दाराची मूठ फिरवली, हाताला लागला तो दप्तराचा पट्टा धरून तिला आत खेचलं आणि दार लावलं.

कुणीही आलं नाही. बंदूक घेऊन निघालेला माणूस शाळेपर्यंत पोचलाच नव्हता, पलीकडच्या पेट्रोल पंपावरच पोलिसांनी त्याला पकडलं.

मैदानावर पालक धावत आले. मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेऊन झाडलं: एका पोरीसाठी सगळा वर्ग पणाला लावलात. खोटं काय होतं त्यात? मी मान खाली घातली.

जोलीन माझ्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. मग डोळे पुसले, मार्लीचा हात धरला आणि हळूच म्हणाली, "बाई, पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाचं पोर बाहेर राहिलं, आणि मार्ली आत असली तर..."

"तर काय?"

"तर नका उघडू."

मला संतापही येईना. तेवढ्यात तिच्या मागे ओटिसची आई दिसली, ओटिसला कडेवर घेतलेली. एवढा मोठा मुलगा, पण खाली ठेवत नव्हती. तिने सगळं ऐकलं होतं.

"माझा आज आतच होता, बाई," ती म्हणाली.