फ्रीसनला द्यायचं की ठेवायचं

त्या जानेवारीत कार्डन गावात दुसरा विषयच नव्हता. गावातल्या ज्युनिअर आइस हॉकी संघाने, बायसन्सने, आपला सगळ्यात भरवशाचा बचावपटू, जारेट फ्रीसन, दुसऱ्या संघाला देऊन टाकावा की नाही? अदलाबदलीची मुदत संपत आली होती आणि पश्चिम किनाऱ्यावरचा एक संघ त्याच्यासाठी नवी पोरं निवडायच्या ड्राफ्टमधल्या पहिल्या फेरीच्या दोन निवडी द्यायला तयार आहे, अशी कुजबुज होती.

को-ऑपच्या, म्हणजे गावच्या सहकारी दुकानातल्या, कॉफीच्या टेबलावर मर्डो मॅकफेलने निकाल देऊनही टाकला होता. "देऊन टाका! पोरगा एकोणीसचा आहे. पुढच्या वर्षी वयाची मर्यादा संपेल, ज्युनिअरमधून जाईल तो आपोआप. तेव्हा काय मिळणार? टाळ्या?"

"आणि ब्लू लाइनवर, बचावाला, उभं कोण राहणार? तू?" ओरेस्ट हलुश्चाक म्हणाला. "पोरं दर सामन्यात पाच-पाच गोल खातील."

"आत्ता काय कमी खातायत? आपण खालून तिसरे आहोत, ओरेस्ट. यंदा काही खरं नाही. दोन चांगली पोरं निवडायला मिळाली तर दोन वर्षांनी संघ उभा राहील."

"दोन वर्षांनी! ती पोरं आज चौदा वर्षांची आहेत. त्यांच्या आया अजून त्यांच्या बुटांच्या नाड्या बांधतात."

टेबल हसलं. मर्डोला मात्र चेव आला. "अरे, तो गोलकीपर होता ना, मागे? तेव्हा हाच माणूस इथंच बसून ओरडत होता, विका, विका, भाव आहे तोवर विका! आता फ्रीसनचं नाव निघालं की याला काय होतं?"

"गोलकीपर वेगळा. बचाव वेगळा."

रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, तिकीटखिडकीवर बसणारी व्हर्ना इतका वेळ ऐकत होती. तिने कप खाली ठेवला आणि हळूच म्हणाली, "गोलकीपर याच्या घरी राहत नव्हता, मर्डो."

ओरेस्टने टोपी उचलली, हातमोजे चढवले आणि बाहेर पडला.

व्हर्ना खोटं बोलली नव्हती. ज्युनिअर संघातली पोरं लांबलांबून येतात आणि गावातल्या घरांतून राहतात. जारेट सोळाचा असताना ओरेस्टच्या घरी आला. खरं तर पोरगा ठेवून घ्यायची हौस ओरेस्टची बायको स्टेफानिया हिची. नाव तिनेच नोंदवलं, वरची खोली तिनेच रंगवली आणि पोरगा यायच्या आधीच उन्हाळ्यात ती वारली. क्लबवाले म्हणाले, तुम्ही नाही म्हणालात तरी आम्ही समजू. ओरेस्ट म्हणाला, खोली रंगवून झालीय, येऊ दे.

पोरगा आला, आणि घर त्याच्या वस्तूंनी भरून गेलं. तळघरात वाळत घातलेल्या सामानाचा कुबट वास, दारात आडवे पडलेले बूट, स्वयंपाकघरात टेबलाला टेकवलेली काठी. एका बैठकीत सहा अंडी खायचा. ओरेस्टने एकदा सांगितलं होतं की आमच्या युक्रेनी घरात आजोबाला दीदो म्हणतात. पोराने ते उचललं ते उचललंच. ओरेस्टची मुलगी दूर हॅलिफॅक्सला, तिचा रविवारी फोन यायचा. बाकीचे दिवस या घरात आवाज होता तो जारेटचाच.

संध्याकाळी सराव आटोपून जारेट आला. ओरेस्टने पेरोगी, बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, लोण्यात परतून समोर ठेवली. पोराने एकही उचलली नाही.

"मॅनेजरने बोलावलं होतं," तो म्हणाला. "सौदा ठरलाय. पण माझ्या करारात आहे, मी हो म्हटल्याशिवाय पाठवता येत नाही. उद्या सकाळी सांगायचंय."

"वडील काय म्हणतात?"

"म्हणतात, तुझं तू ठरव." त्याने काटा उगाच फिरवला. "दीदो, तुम्ही काय कराल?"

ओरेस्ट उठून खिडकीशी गेला. अंगणात पोराच्या गाडीचं इंजिन गोठू नये म्हणून ते ऊब देणारी वायर भिंतीतल्या विजेला लावलेली होती. थांब, एवढं म्हणायचा अवकाश, आणि हा पोरगा थांबला असता. कशाला घाई, वसंतापर्यंत राहा, इथले लोक तुला ओळखतात. कारणं होती की. गेले कित्येक दिवस तो को-ऑपमध्ये तीच कारणं तावातावाने सांगत होता, आणि त्यातलं एकही आता तोंडून निघेना.

"तो संघ यंदा करंडकासाठी खेळणार," तो शेवटी म्हणाला. "मोठ्या क्लबांची माणसं तिथे बघायला येतात. इथे कोण येतं? जा तू."

जारेटने मान वर केली. "पण तुम्ही तर माझ्यावरून मर्डोशी भांडत होता म्हणे. व्हर्ना म्हणाली."

"को-ऑपमध्ये माणूस भांडायलाच जातो. खा, गार होतंय."

पोराने ताट जवळ ओढलं, पण नजर ओरेस्टवरच होती. त्याला काहीतरी वेगळं ऐकायचं होतं की काय, हे ओरेस्टला कळलं नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही. मग जारेटने पेरोगी खाल्ली, सगळी.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत पोराने सामान गाडीत भरलं. पारा उणे तेहेतीसवर होता. दारात दोघांनी एकमेकांना मिठी मारली. जाड कोटांमुळे ती धड जमली नाही. "फोन करीन," जारेट म्हणाला. "रस्ता बघून चालव," ओरेस्ट म्हणाला. त्याला याहून जास्त काहीतरी बोलायचं होतं, पण गाडी वळणावर गेलीसुद्धा.

त्या दुपारी को-ऑपमध्ये मर्डो उभ्यानेच बोलत होता. "पहिल्या फेरीच्या दोन! शिवाय एक गोलकीपर! ये, ओरेस्ट, ये, आता काय म्हणतोस?"

"चांगला सौदा झाला," ओरेस्ट म्हणाला आणि बसला.

मर्डोचा चेहरा उतरला. त्याने सकाळपासून भांडणाची तयारी केली होती. "एवढंच?"

"एवढंच."

आपणच त्याला जा म्हणालो, हे ओरेस्टने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोकांनी पाठ थोपटली असती, आणि ते त्याला सोसलं नसतं. उठताना व्हर्नाने विचारलं, "आज जेवायला येतोस का माझ्याकडे?" तो म्हणाला, "बघू, पुढच्या आठवड्यात."

दोन दिवसांनी क्लबमधल्या बाईंचा फोन आला. नवा गोलकीपर येतोय, तुमची खोली रिकामी आहे का? ओरेस्ट म्हणाला, अजून नाही. बाईंना वाटलं जारेटचं सामान राहिलंय. त्यानेही तसंच वाटू दिलं. वर तर काहीच नव्हतं.

रविवारी जारेटचा फोन आला. नव्या घरी दोन कुत्रे आहेत, समुद्र खिडकीतून दिसतो, कोच चांगला आहे. "तुम्ही म्हणालात तेच बरोबर होतं," तो म्हणाला. ओरेस्ट म्हणाला, "मग!" आणि मागून कोणीतरी पोराला जेवायला हाक मारली. त्यानंतर मुलीचा फोन वाजला, तो त्याने उचलला नाही.

फेब्रुवारीत बायसन्सचा घरचा सामना होता. ओरेस्ट नेहमीच्या जागेवर बसला. दुसऱ्या सत्रापर्यंत चार गोल झाले होते, चारही आपल्यावर. ब्लू लाइनवर नवा पोरगा उभा होता, उंच, बुजरा. पक, ती काळी रबरी चकती, त्याच्या काठीखालून जायचा आणि लोक हळहळायचे.

"दोन वर्षं थांबा!" मागून मर्डो सगळ्यांना समजावत होता. "दोन वर्षांनी बघा!"

ओरेस्टच्या मनात आलं, जारेटच्या बदल्यात निवडली जाणारी ती दोन पोरं आत्ता कुठे असतील? कुठल्यातरी गोठलेल्या तळ्यावर, अंधार पडला तरी आईच्या हाका न ऐकता खेळत असतील. कार्डन नावाचं गाव आहे, हेही त्यांना ठाऊक नसेल. ती इथे येतील, कोणाच्यातरी घरी राहतील, कोणीतरी त्यांना जेवायला वाढेल, आणि मग तीही जातील.

मध्यंतराचा भोंगा झाला. ओरेस्ट उठला. सामना अर्धा टाकून तो आयुष्यात कधी घरी गेला नव्हता. व्हर्नाने खिडकीतून त्याला जाताना पाहिलं, पण पुढच्या सामन्याच्या तिकिटांसाठी रांग लागली होती, तिला उठता आलं नाही.

बाहेर गाड्यांच्या काचांवर बर्फ धरला होता. तो आपली काच खरवडत होता तेवढ्यात आत खेळ पुन्हा सुरू झाला आणि थोड्या वेळाने मोठा गलका उठला. गोल आपला की त्यांचा, ते भिंतीपलीकडून कळेना. तो खरवडणी हातात धरून क्षणभर ऐकत राहिला. मग उरलेली काच साफ केली, गाडीत बसला आणि इंजिन गरम व्हायची वाट बघत राहिला.